पदवीनंतरच्या दोन तारखा

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली की घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘निकाल लागू दे, मग बघू.’ वाक्य समंजस वाटतं. पण जून-जुलैत निकाल हाती येतो तेव्हा अनेक दारं त्या वर्षापुरती बंद झालेली असतात. पुढे काय, हे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच, गणपतीच्या सुमारास ठरवायला लागायचं असतं.

वेळापत्रक पाहा. आयआयएमसाठीची ‘कॅट’ नोव्हेंबरच्या अखेरीस होते, तिचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरले जातात. एमटेकसाठीची ‘गेट’ आणि आयआयटीतल्या एमएस्सीसाठीची ‘जॅम’ या परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास येतात, पण त्यांचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरातच. एमबीए, तीन वर्षांची एलएलबी, बीएड यांच्या राज्य सीईटी बहुतेकदा मार्च ते मे या काळात उरकतात. यूपीएससीचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत. यांपैकी बहुतेक परीक्षांना शेवटच्या वर्षात शिकत असतानाच बसता येतं.

ही झाली पहिली तारीख, वाटेवर पाऊल ठेवण्याची. ती जाहिरातीत छापून येते. दुसरी तारीख थांबण्याची. ती आपली आपल्यालाच ठरवावी लागते, आणि बहुतेकांची राहून जाते ती हीच.

स्पर्धा परीक्षा : किती वर्षं?

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत राज्यभरातून मुलं-मुली तयारीला येतात. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका, क्लास, टेस्ट सिरीज हा सगळा खर्च अनेकदा गावाकडच्या शेतीतून किंवा वडिलांच्या तुटपुंज्या पगारातून येतो. म्हणून आकडे स्वच्छ डोळ्यांनी पाहायला हवेत. यूपीएससीच्या २०२४च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ जण बसले, मुख्य परीक्षेपर्यंत १४,६२७ पोहोचले, मुलाखतीपर्यंत २,८४५ आणि अखेर निवड झाली १,००९ जणांची. म्हणजे प्रत्यक्ष बसलेल्या सुमारे पावणेसहाशे उमेदवारांमागे एक. उरलेले सगळे कमी पडले असं नाही. जागाच तेवढ्या होत्या.

नियम मात्र उदार आहेत. यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला वयाची ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न मिळतात. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी मर्यादा ३८ वर्षांची, मागासवर्गीयांसाठी ४३ची. आयोग लवकर थांबवत नाही, म्हणून मुलंही थांबत नाहीत. पण दुसऱ्या दारांची वयं वेगळी असतात. सरकारी बँकांत ‘आयबीपीएस’मार्फत प्रोबेशनरी ऑफिसर व्हायचं तर वय ३०पर्यंत आणि लिपिक व्हायचं तर २८पर्यंतच असावं लागतं. ३८वर नजर लावून बसलेल्याची ही वयं कधी उलटली ते कळतही नाही.

म्हणून पुण्याची गाडी पकडण्याआधी घरात बसून ठरवावं : पूर्ण ताकदीने दोन प्रयत्न. दोन्ही वेळा पूर्वपरीक्षा निघाली नाही आणि गुणही वाढले नाहीत, तर पूर्णवेळ तयारी थांबवायची. या काळात बँक आणि ‘एसएससी’चे अर्जही भरायचे. गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी, चालू घडामोडी हा बराचसा अभ्यास तिथेही कामी येतो. नोकरी धरून पुढचा प्रयत्न देणं ही माघार नव्हे. पगार सुरू झाला की घरावरचं ओझं उतरतं, आणि अभ्यासातली धास्तीही कमी होते.

पदव्युत्तर शिक्षण आणि काम

काहीच ठरत नाही म्हणून एमए-एमकॉमला नाव घालणं म्हणजे निर्णय दोन वर्षं पुढे ढकलणं. विषयाची ओढ असेल, किंवा अध्यापन-संशोधनात जायचं असेल, तर जरूर जावं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. ऑनर्सनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात होऊ शकते.

आपल्याला काय जमतं हेच उमगत नसेल, तर सहसा वर्षभराची शिकाऊ उमेदवारी हा चांगला मार्ग आहे. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांनाही ती मिळते. २०१९च्या नियमांनी त्यांचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवलं. रक्कम मोठी नाही, पण कामाची शिस्त कळते, अनुभवाचं प्रमाणपत्र मिळतं आणि थांबण्याची तारीख करारातच लिहिलेली असते.

मुलींची तारीख कोण ठरवतं?

अनेक घरांत मुलाला ‘अजून एक प्रयत्न कर’ म्हणतात आणि मुलीला ‘हे शेवटचं वर्ष, मग स्थळं बघू’ असं सांगतात. तिची दुसरी तारीख तिला न विचारताच ठरलेली असते. हा उघड अन्याय आहे. मुलाला जितके प्रयत्न, तितकेच मुलीला. आणि दोघांची थांबण्याची तारीख ज्याच्या-त्याच्या संमतीने. आईवडिलांनी एवढं पाळलं, आणि महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात पालक-विद्यार्थ्यांना एकत्र बसवून हे वेळापत्रक समोर मांडलं, तर पुष्कळ मुला-मुलींची उमेदीची वर्षं वाचतील.