प्रिंट सर्व्हरचे दिवे काय सांगतात?

विवाहेच्छुक वधूवरांकडून धर्मगुरू बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला मागतात. त्यामागे कारण आहे. चर्चच्या कायदेसंहितेतील कलम ५३५ नुसार दृढीकरण, विवाह आदींची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतच केली जाते. म्हणून जुना दाखला आजची स्थिती सांगू शकत नाही. असा दाखला नेण्यास दुरून आलेल्या कुटुंबाला ‘प्रिंटर चालत नाही’ म्हणून रिकाम्या हाती परतावे लागणे उचित नव्हे. पुष्कळदा प्रिंटर सुस्थितीत असतो. अडथळा वाटेत असतो. तो कोठे आहे हे प्रिंट सर्व्हरचे दिवे दाखवतात.

एकच प्रिंटर कार्यालयातील सर्व संगणकांना वापरता यावा म्हणून नेटवर्क आणि प्रिंटर यांच्यामध्ये बसवलेली लहान पेटी म्हणजे प्रिंट सर्व्हर. आजच्या अनेक प्रिंटरांत ही सोय आतच असते. जुना, पण चांगला प्रिंटर असल्यास वेगळी पेटी उपयोगी पडते. मात्र काही स्वस्त प्रिंटर अशा पेटीशी जुळत नाहीत. खरेदीपूर्वी चौकशी करावी.

पेटीला सामान्यतः तीन जोडण्या असतात. राउटर किंवा स्विचकडून येणारी नेटवर्कची केबल (कमाल लांबी १०० मीटर), प्रिंटरकडे जाणारी यूएसबी केबल (शक्यतो ५ मीटरच्या आत) आणि विजेचा अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टर पेटीसोबत आलेलाच वापरावा. केबली जोडून प्रिंटर आधी सुरू करावा, मग पेटीला वीज द्यावी. पेटीचा नेटवर्कवरील पत्ता कायम ठेवावा. तो बदलल्यास संगणकांना प्रिंटर सापडत नाही.

दिव्यांचे रंग व नावे कंपनीनुसार बदलतात, परंतु वाचण्याचा क्रम एकच आहे. प्रथम विजेचा दिवा पाहावा. तो विझलेला असेल, तर सॉकेट व अ‍ॅडॉप्टर तपासावा. दुसरा दिवा नेटवर्कचा. तो पेटत नसेल, तर केबल सैल आहे, तुटली आहे किंवा राउटर बंद आहे. छपाईचा आदेश येताना तो लुकलुकतो. तिसरा दिवा प्रिंटरचा किंवा स्थितीचा. पहिले दोन ठीक असून हा चूक दाखवत असेल, तर यूएसबी केबल, कागद व शाई पाहावी. तिन्ही दिवे योग्य असूनही छपाई होत नसेल, तर दोष बहुधा संगणकाच्या मांडणीत असतो. रीसेटचे बटन मात्र शेवटचा उपाय समजावा; ते दाबून धरल्यास पेटीत भरलेली माहिती पुसली जाऊ शकते.

महाड तालुक्यातील बिरवाडीसारख्या गावी तंत्रज्ञ येईपर्यंत थांबण्यापेक्षा हे वाचन कामी येते. कोणता दिवा विझला आहे, एवढे दूरध्वनीवर सांगितले तरी अर्धे काम होते. पावसाळ्यात विजांचा कडकडाट सुरू होताच अ‍ॅडॉप्टर व नेटवर्कची केबल काढून ठेवावी. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते, हे स्मरून राउटर व पेटी जमिनीवर न ठेवता उंच फळीवर बसवावी. दोन्ही लहान यूपीएसवर चालतात. लेझर प्रिंटर मात्र त्यावर जोडू नये.

एक गोष्ट विसरू नये. दाखल्यांत कुटुंबांची खाजगी माहिती असते. पेटीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि छापलेले कागद ट्रेमध्ये पडून राहू देऊ नयेत. नोंदवह्या आपल्याकडे विश्वासाने सोपवलेल्या आहेत; त्यांतून निघणारा प्रत्येक कागदही तितकाच जपावा, अशी आमची सर्व धर्मग्राम कार्यालयांना नम्र विनंती आहे.