क्षयरोग आणि पेशींची सावड

सास्तूर-लोहारा भागातील शेतकऱ्यांना सावड म्हणजे काय, हे सांगायला नको. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही सावडीनेच काम करतात.

क्षयाचे जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरले की भक्षक पेशी त्यांना गिळतात. पण हा जंतू चिवट असतो. पेशीच्या पोटातही तो जिवंत राहतो. मग जंतूचे तुकडे मदतनीस टी-पेशींना दाखवले जातात. त्यांना ओळख पटली की त्या ‘इंटरफेरॉन गॅमा’ नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे भक्षक पेशींना जोर येतो. त्या काही जंतू मारतात आणि उरलेल्यांना घेराव घालून कोंडून ठेवतात. म्हणूनच जंतू शिरलेल्या बहुतेकांना क्षयरोग होत नाही.

एचआयव्हीचा विषाणू नेमका या मदतनीस पेशींवरच घाला घालतो. सावड मोडली की कोंडलेला क्षय उसळतो. कुपोषण आणि मधुमेह यांमुळेही ही शक्ती खचते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे अशी लक्षणे असल्यास सास्तूरचे स्पर्श ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठावा आणि थुंकी तपासून घ्यावी. क्षय निघाल्यास एचआयव्हीची तपासणीही करावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. बरे वाटले म्हणून औषधे मध्येच सोडू नयेत. अर्धवट उपचाराने उरलेले जंतू पुढे त्याच औषधांना दाद देत नाहीत.