हार्नेस घातलाय. पण अडकवलाय का?

पावसाळ्यातला रविवार. लोणावळ्याजवळची नागफणी, म्हणजे आपला ड्यूक्स नोज. तुमच्या ग्रुपमधले चाळीसेक जण रॅपलिंगच्या रांगेत उभे आहेत. तुमचा नंबर तेविसावा. हेल्मेट डोक्यावर आहे, हार्नेस कमरेला आहे, पट्टे आवळलेत. वाट बघून कंटाळा आलाय, तेवढ्यात ढग बाजूला होतात आणि खालची दरी उघडते. तुम्ही मोबाइल काढता, दोन पावलं कड्याकडे सरकता. मित्र ओरडतो, ‘अरे, जरा मागे हो!’ तुम्ही हसून सांगता, ‘टेन्शन नको घेऊ, हार्नेस घातलाय ना!’

आता एक साधा प्रश्न. त्या क्षणी तुमचा हार्नेस कशाला जोडलेला आहे?

कशालाच नाही. म्हणजे त्या दोन मिनिटांपुरता तो हार्नेस नाहीच. तो एक जाडजूड, महागडा बेल्ट आहे. तुम्ही घसरलात तर तोही तुमच्याबरोबर खाली जाईल.

‘घातलेला’ आणि ‘अडकवलेला’ या दोन शब्दांतलं अंतर म्हणजेच जगणं आणि पडणं यातलं अंतर. हे ज्यांना फार किंमत मोजून कळलं, अशा एका मंडळींची गोष्ट आधी ऐका. ती मंडळी गिर्यारोहक नाहीत. ते आहेत अमेरिकेतले हरणांचे शिकारी.

झाडावरची खुर्ची

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. अमेरिकेत मात्र ठरलेल्या हंगामात, परवाना काढून हरणाची शिकार करता येते. त्यासाठी तिथले शिकारी झाडावर पंधरा-वीस फुटांवर एक छोटा प्लॅटफॉर्म बांधतात. त्याला म्हणतात ट्री स्टँड. आपलं मचाणच, फक्त एका माणसापुरतं आणि घडीचं. पहाटेच्या अंधारात शिडीने चढायचं आणि थंडीत तासन्‌तास न हलता बसायचं.

तुम्हाला वाटेल, शिकाऱ्याला सगळ्यात मोठा धोका बंदुकीचा. पण तिथल्या शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींमध्ये झाडावरून पडणं हे एक प्रमुख कारण आहे. पूर्वी काही जण सुरक्षेसाठी कमरेला किंवा छातीला एक पट्टा बांधायचे. पण त्या पट्ट्यावर लटकायची वेळ आली की तो छाती-पोट आवळायचा, श्वास कोंडायचा. मग खांदे, छाती आणि मांड्या अशा सगळ्या शरीरावर भार वाटून घेणारा फुल बॉडी हार्नेस आला.

पण हार्नेस आल्यावरही लोक पडत राहिले. कारण ते वर पोहोचायचे, नीट बसायचे आणि मग हार्नेस झाडाला अडकवायचे. उतरायच्या आधी तो सोडायचे आणि मग शिडीवर पाय ठेवायचे. नेमकं पडणं व्हायचं ते या मधल्या वेळात: चढताना, उतरताना आणि सगळ्यात जास्त शिडीवरून प्लॅटफॉर्मवर पाऊल टाकताना. म्हणजे स्वस्थ बसलेला असताना माणूस बांधलेला आणि हलताना मोकळा! सगळं उलटं.

यावरचा उपाय साधा निघाला. झाडाला प्लॅटफॉर्मच्या वर बांधून जमिनीपर्यंत एक दोर सोडायचा. त्यावर एक गाठ मारायची, जी हाताने वर-खाली सरकते पण झटका बसला की दोराला घट्ट आवळून धरते. हार्नेस त्या गाठीला अडकवायचा तो जमिनीवर असतानाच आणि सोडायचा तो पुन्हा जमिनीवर पाय टेकल्यावरच. या गाठीचं नाव प्रूसिक. ती मुळात डोंगरातलीच. कार्ल प्रूसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये ती मांडली. रॅपलिंग करताना हात सुटला तर माणूस जागच्या जागी थांबावा म्हणून आजही सह्याद्रीत हीच गाठ किंवा तिची भावंडं वापरली जातात.

एक सेकंद पुरतो

‘वीस फूट म्हणजे काय, दुसरा मजला!’ असं वाटत असेल तर अकरावीचं फिजिक्स आठवा. वीस फुटांवरून, म्हणजे साधारण सहा मीटरवरून पडलेली वस्तू सुमारे 1.1 सेकंदात जमिनीवर आदळते. त्या वेळी तिचा वेग असतो ताशी 39 किलोमीटर. दहा फुटांवरून पडलात तरी ताशी 28 च्या आसपास. या एका सेकंदात ‘कुठेतरी पकडू’ हा विचारसुद्धा पूर्ण होत नाही. खाली गादी नाही, कातळ आहे.

म्हणून ‘पडायला लागलो तर सावरू’ हा प्लॅन होऊ शकत नाही. प्लॅन पडण्याच्या आधीच केलेला असावा लागतो.

चॅम्पियनची अर्धवट गाठ

‘हे सगळं नवशिक्यांसाठी. आपण आठ-दहा वेळा केलंय,’ असं म्हणणाऱ्यांसाठी लिन हिलची गोष्ट.

लिन हिल ही जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबर्सपैकी एक. 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे ती वॉर्म-अप म्हणून एका सोप्या रूटवर चढत होती. सुरुवात करण्यापूर्वी तिने दोर हार्नेसमधून ओवला, पण गाठ पूर्ण करण्याआधी तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. थोडं बोलणं झालं, शूज घातले. अंगातल्या जॅकेटमुळे अर्धवट गाठ दिसलीही नाही. ती पूर्ण रूट चढून वर पोहोचली. खाली उतरायचं म्हणून दोरावर भार टाकला आणि दोर हार्नेसमधून सुटून निघाला. ती सत्तरेक फुटांवरून पडली. वाटेत झाडाच्या फांद्या आल्या म्हणून जीव वाचला. कोपर निखळलं, पायाला दुखापत झाली. चार वर्षांनी, 1993 मध्ये, याच लिन हिलने योसेमिटीतल्या एल कॅपिटानचा ‘द नोज’ हा रूट फ्री क्लाइंब केला. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं.

टॉड स्किनरला मात्र दुसरी संधी मिळाली नाही. तोही नामांकित क्लाइंबर. ऑक्टोबर 2006 मध्ये योसेमिटीतच रॅपल करून उतरताना त्याच्या हार्नेसचा बिले लूप तुटला. बिले लूप म्हणजे पुढच्या बाजूचं ते छोटं जाड कडं, ज्यात आपण कॅराबिनर अडकवतो. तो लूप फार झिजला होता. झिजल्याचं त्याच्या साथीदाराने आधी बोलूनही दाखवलं होतं. टॉडने नवीन हार्नेस मागवलाही होता. पण तो येईपर्यंत जुनाच वापरणं चालू होतं.

दोघांनाही ज्ञान कमी नव्हतं. एकीची तपासणी राहिली, दुसऱ्याच्या तपासणीत दोष दिसला पण काम थांबलं नाही. तुम्ही-आम्ही ज्याला ‘चलता है’ म्हणतो, तेच हे.

दोन मिनिटांची तपासणी

आता तुमच्या कमरेवरच्या हार्नेसकडे या. रॅपलिंग किंवा क्लाइंबिंगला आपण बहुतेक वेळा सिट हार्नेस वापरतो: एक कमरपट्टा, दोन मांड्यांचे पट्टे आणि पुढे बिले लूप. नवीन, चांगल्या अवस्थेतल्या बिले लूपने किमान 15 किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टन भार सोसावा असं युरोपियन मानक सांगतं. तेव्हा हार्नेस धडका असेल तर तुमच्या वजनाची चिंता त्याला नाही. चिंता आहे ती तुम्ही तो कसा घातलाय याची.

कमरपट्टा जीन्ससारखा खाली नको. तो कमरेच्या हाडांच्या वर हवा आणि इतका घट्ट की ओढला तरी हाडांवरून खाली सरकू नये. कारण पडताना माणूस उलटा होऊ शकतो आणि सैल पट्ट्यातून निसटू शकतो. मांडीच्या पट्ट्यात तळहात सपाट सरकवता यावा, मूठ नाही.

बकल नीट बघा. काही बकल्समध्ये पट्टा एकदा ओवून परत उलटा ओवायचा असतो. तो उलटा ओवला नाही तर पट्टा आपल्याला घट्ट वाटतो, पण भार आला की सरकत सुटतो. ओवून झाल्यावर बाहेर किमान तीन इंच शेपूट राहायला हवं.

शिवण, लूप, पट्टे यांवर बोट फिरवा. धागे निघालेत? कुठे कापलंय? रंग उडून कडक झालंय? नायलॉनला उन्हाचा आणि ॲसिडचा त्रास होतो. शंका आली तर सरळ ‘दुसरा द्या’ म्हणा. यात भांडण काही नाही.

कॅराबिनरचं लॉक फिरवून बंद आहे ना, हे डोळ्यांनी बघा आणि मग बोटाने दाबूनही बघा. तो आडवा तर झाला नाही ना, हेही पाहा. उभ्या दिशेत किमान 20 किलोन्यूटन सोसणाऱ्या कॅराबिनरची आडव्या दिशेतली हमी साधारण 7 वर येते.

आणि शेवटी जोडीदाराची तपासणी. तुम्ही त्याचं बघा, तो तुमचं बघेल. लिन हिलच्या शेजारी त्या दिवशी कुणी ‘गाठ दाखव’ म्हटलं असतं तर दहा सेकंदांत विषय संपला असता.

अजून एक. सैल टी-शर्ट, ओढणी, मोकळे केस डिसेंडरमध्ये ओढले जातात. ते आधीच आवरून घ्या.

आयोजकाला विचारायचे प्रश्न

सोशल मीडियावर ‘वॉटरफॉल रॅपलिंग, नाश्ता-जेवणासह’ अशा जाहिराती पावसाळ्यात धो धो येतात. पैसे भरण्याआधी किंवा निदान कड्यावर पोहोचल्यावर एवढं विचारा:

उतरायच्या दोराशिवाय दुसरा, वरून धरलेला बिले रोप आहे का? म्हणजे माझा हात सुटला तरी मी पडणार नाही ना? दोर खालपर्यंत पोहोचतोय का, टोकाला गाठ मारली आहे का? अँकर एकाच झाडाला किंवा बोल्टला आहे की दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी? कड्याच्या टोकाशी रांगेत थांबणाऱ्यांना अडकवायला सेफ्टी लाइन आहे का? कुणी मधेच अडकलं तर त्याला उतरवणार कोण आणि कसं? तुमची नोंदणी झाली आहे का? राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनासाठी धोरण आणलं आहे आणि त्यात आयोजकांनी नोंदणी करणं अपेक्षित आहे.

यातला ‘मधेच अडकलं तर’ हा प्रश्न जास्तीचा वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. हार्नेसमध्ये पाय न हलवता बराच वेळ लटकलं की रक्त पायांत साचायला लागतं, गरगरतं आणि शुद्धही हरपू शकते. त्यामुळे अडकलात तर घाबरून लोंबकळत राहू नका. पाय हलवत राहा, कातळाला टेकवा, स्लिंग असेल तर त्यात पाय घालून उभे राहा. आणि लवकर खाली घेणारी टीम वर आहे ना, हे आधीच माहीत करून घ्या.

चांगला आयोजक या प्रश्नांवर चिडत नाही. तो दोन वाक्यांत उत्तर देतो, बऱ्याचदा खूश होऊन. जो ‘अरे काही होत नाही’ म्हणतो, त्याच्याकडे उत्तर नाही असं समजा.

मचाणावर बसणार असाल तर

बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्या अभयारण्यांत आणि व्याघ्र प्रकल्पांत पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसून प्राणी बघायला तुमच्यातले काही जण जात असतील. तिथे अमेरिकन शिकाऱ्यांचे धडे जसेच्या तसे कामाला येतात. शिडीवर कायम दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय टेकलेलेच हवेत. सॅक पाठीवर घेऊन चढू नका. वर गेल्यावर दोरीने ओढून घ्या. शिडीवरून मचाणावर पाऊल टाकताना आणि पहाटे अर्धवट झोपेत उतरताना सगळ्यात जास्त सावध राहा. रात्रभर जागून पाय जड झालेले असतात, त्यामुळे उतरण्याआधी दोन मिनिटं हातपाय मोकळे करा.

‘भित्रा’ म्हणाले तर?

खरी अडचण बकलची किंवा गाठीची नसते. ती रांगेत मागे उभ्या असलेल्या दहा मित्रांची असते. ‘किती वेळ लावतोस’, ‘भित्री आहे ही’, ‘काकांसारखं करू नकोस’. आपण हसण्यावारी नेतो आणि तपासणी सोडून देतो. हरिहरच्या पायऱ्या असोत, कलावंतीण असो की विहीगावचा धबधबा, मागून येणारी घाई तीच असते.

यावर एकच उपाय चालतो. ही सवय एकट्याची न ठेवता ग्रुपची करा. ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘टी-शर्ट कुठला घालायचा’ यावर शंभर मेसेज होतात, त्यात एक नियम ठरवून टाका: कड्यापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर राहिलं की पुढे जाणारा प्रत्येकजण अडकवलेला असणार. फोटो काढणाराही आणि काढून घेणाराही. सगळ्यांना सारखाच नियम असला की कुणी भित्रं ठरत नाही.

आता परत त्या रविवारी या. रांगेत तुमचा नंबर तेविसावा आहे. ढग बाजूला झालेत, दरी दिसतेय, फोटो तर हवाच. काढा की! फक्त आधी कमरेची स्लिंग सेफ्टी लाइनला अडकवा, लॉक फिरवा, बोटाने दाबून बघा आणि शेजारच्याला सांगा, ‘माझं एकदा बघ रे.’ मग मोबाइल काढा. ढग तेवढा वेळ थांबतात. आणि नाही थांबले तर पुढचा रविवार आहेच.