स्वस्त सबवूफर नीट वाजावा म्हणून

सबवूफर सतत ‘हूंऽऽ’ करत असेल, तर आधी सेट-टॉप बॉक्सची डिश किंवा केबलची वायर काढून पाहा. आवाज थांबला तर सबवूफर ठीक आहे. दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची ती ५० हर्ट्‌झची घरघर असते. सगळं एकाच बोर्डावर लावा, कूलर मात्र वेगळ्या सॉकेटवर. अर्थिंगची पिन कधीही तोडू नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उष्णतेत अॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. मग घरघर वाढते, बास पोकळ होतो. फुगलेल्या कपॅसिटरच्या जागी नवा काही रुपयांत मिळतो, पण बदलायला जाणकारालाच सांगा. प्लग काढल्यावरही त्यात वीज शिल्लक राहते.

खरी सुधारणा मात्र फुकट आहे. १२ फुटी खोलीत साधारण ४७ हर्ट्‌झचा स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतो, नेमका ढोल-ताशाच्या भारी ठोक्याजवळचा. त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेला डबा नुसता घुमतो. तो तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतीलगत वाकून फिरा. ठोका जिथे सुटा, स्वच्छ ऐकू येईल, तीच त्याची जागा. क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफर जिथवरचे स्वर वाजवतो ती मर्यादा, ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवा.