दोन टक्के आणि एक रिचार्ज

मोशीतल्या आमच्या अभ्यासिकेत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर वीस टॅब्लेट कितीतरी महिने पडून होते, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. २०२१ साली शाळा बंद असताना एका संचार कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सगळे ज्याला सीएसआर म्हणतात त्यातून, ते आले. छोटा कार्यक्रम झाला, नारळ फुटला, फोटो निघाले. आमच्याकडे येणारी मुले बहुतेक चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्या घरांतली. एका खोलीत पाच-सहा माणसे आणि घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर पाळीवर जाणारा. टॅब्लेटची गरज खरीच होती. पण त्यांत इंटरनेट नव्हते. पहिले तीन महिने मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून रिचार्ज मारले. चौथ्या महिन्यात वर्गणी आटली आणि टॅब्लेट कपाटात गेले.

मी कंपनीच्या संबंधित अधिकाऱ्यांना फोन केला. म्हटले, "साहेब, तुमचा धंदाच जोडणीचा. वर्षभराची जोडणी तेवढी द्या." ते भला माणूस होते. म्हणाले, "काका, तेवढं सोडून काहीही मागा. बाकं मागा, पाण्याचा फिल्टर मागा. पण ते जमत नाही."

जी वस्तू कंपनी रोज विकते, तीच तिला देता येत नाही! हे कोडे माझ्या डोक्यातून जाईना. मी काही विद्यापीठातला माणूस नव्हे. भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता जमाखर्चाची आणि ताळेबंद वाचण्याची सवय लागली, एवढेच माझे शिक्षण. त्या सवयीवर मी कायदा, नियम आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत गेलो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

सुरुवात दोन टक्क्यांपासून. कंपनी कायदा, २०१३ याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी अट आधीच्या आर्थिक वर्षात पूर्ण झाली, तरी ती कंपनी या कलमाखाली येते. तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. समजा, तीन वर्षांचा नफा १००, २०० आणि ३०० कोटी झाला. सरासरी २०० कोटी, दोन टक्के म्हणजे ४ कोटी. कामे कोणती, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे: शिक्षण, आरोग्य, भूकनिवारण, पर्यावरण, वारसा-जतन, ग्रामविकास वगैरे. सुरुवातीला खर्च केला नाही तर कारण सांगितले की भागत असे. जानेवारी २०२१ पासून ती पळवाट बंद झाली. आता न खर्चलेली रक्कम चालू प्रकल्पाची असेल तर वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते, नाहीतर सरकारी निधीत भरावी लागते. चुकल्यास दंड आहे.

आता कोड्याचे उत्तर. या कलमाखालच्या नियमांत काय काय सीएसआर धरायचे नाही, याचीही यादी आहे. कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुरताच फायदा देणारी कामे नाहीत, राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या नाहीत, आणि कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात केलेली कामेही नाहीत. शिवाय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये प्रश्नोत्तरांच्या रूपात खुलासा केला, की कायद्यात 'खर्च' हा शब्द आहे. वस्तू वा सेवा देऊन तिची किंमत सीएसआरमध्ये लावता येणार नाही. म्हणजे संचार कंपनीने आपलाच डेटा मुलांना फुकट दिला, तर दोन टक्क्यांच्या हिशोबात तो दाखवणे जवळपास अशक्य. दुकानातून टॅब्लेट विकत आणून दिले, तर ते मात्र चोख बसतात. अधिकाऱ्यांचे "तेवढं सोडून" या नियमातून आले होते.

हा नियम मूर्खपणाचा आहे का? मला आधी तसेच वाटले. पण विचार करता त्यातले शहाणपण दिसले. डेटा देणाऱ्या कंपनीला एका जादा रिचार्जचा खरा खर्च किती येतो? फार थोडा. ती मात्र छापील दर लावून लाखांचा आकडा दाखवू शकेल, आणि वर नवे ग्राहक पदरात पडतील. दान आणि जाहिरात यांतली रेघच पुसली जाईल. याचा अनुभव देशाने घेतला आहे. २०१५ साली फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने काही राज्यांत निवडक संकेतस्थळे मोफत देण्याची योजना आणली. महाराष्ट्र त्यांत होता. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. गरिबांना इंटरनेट, असे तिचे रूप होते. पण कोणती संकेतस्थळे फुकट पाहायची हे ठरवणार कंपनी. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली आणि योजना गुंडाळली गेली.

नियमाला सूट द्यायची तर देता येते, हेही नोंदवले पाहिजे. कोविडवरची नवी लस, औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांचे संशोधन करणाऱ्या कंपन्यांना २०२०-२१ पासून तीन वर्षे ते काम त्यांचा नेहमीचा व्यवसाय असूनही सीएसआरमध्ये धरण्याची मुभा होती. त्याच काळात शाळा फोनवर भरत होत्या. जोडणीला मात्र अशी मुभा मिळाली नाही.

दुसरा मुद्दा जागेचा. कंपनीने आपल्या कामकाजाच्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ सांगते. चाकणच्या मोटार कारखान्याचा परिसर बोट ठेवून दाखवता येतो: त्याचा धूर, त्याचे ट्रक आणि त्याचे कामगार याच रस्त्यावर दिसतात. संचार कंपनीचा परिसर कोणता? रिलायन्स जिओचे नोंदणीकृत कार्यालय अहमदाबादला, व्होडाफोन आयडियाचे गांधीनगरला, टाटा कम्युनिकेशन्सचे मुंबईत फोर्टात. मनोरे मात्र गल्लोगल्ली. जिचे जाळे सगळीकडे आहे, तिचा शेजार कुठेच नसतो.

पूर्वी तसे नव्हते. मोशीहून आळंदीच्या अंगाने गेले की दिघी लागते. तिथे परदेश संचार सेवेची विस्तीर्ण जमीन होती. ही सरकारी सेवा १९४७ साली राष्ट्रीयीकरणातून उभी राहिली. आमचाच पुणे-नाशिक रस्ता धरून नारायणगावकडे गेले की आर्वीचे उपग्रह भूकेंद्र. ते १९७१ साली सुरू झाले आणि विक्रम साराभाईंचे नाव त्याला मिळाले. १९८६ साली या सेवेची विदेश संचार निगम लिमिटेड ही कंपनी झाली, २००२ साली ती टाटा समूहाकडे गेली आणि २००८ साली टाटा कम्युनिकेशन्स झाली. विक्रीच्या वेळी जादा जमीन व्यवहाराबाहेर ठेवली होती. दिघीची ती पाचशे एकरांहून अधिक जमीन पुढे हेमिस्फिअर प्रॉपर्टीज या वेगळ्या कंपनीकडे गेली. २०२० साली तिचे शेअर बाजारात आले. भागधारकांचा हिस्सा कागदावर चोख ठरला. यात बेकायदा काही नाही. पण जमिनीचे मोल कोणाकोणात वाटायचे हे ठरताना शेजारचे गाव भागधारक नसते, आणि दोन टक्क्यांच्या हिशोबात जमिनीचा रकाना नसतो. सीएसआर नफ्यावर मोजतात, जागेच्या उपकारावर नाही.

नफ्यावर मोजण्याचे आणखी एक टोक आहे. नफाच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी परवाना शुल्काच्या जुन्या थकबाकीबद्दल निकाल दिला. व्होडाफोन आयडियाने २०१९-२० या वर्षात ७३,८७८ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. अशा कंपनीचा तीन वर्षांचा सरासरी नफाच उणे, तेव्हा दोन टक्के शून्य. कोट्यवधी ग्राहक असूनही कायद्याने सामाजिक खर्चाचे बंधन नाही. ती स्वेच्छेने खर्च करू शकते, पण मागण्याचा आधार उरत नाही.

म्हणजे संचार कंपनीकडून समाजाला सक्तीने काहीच येत नाही? येते, पण दुसऱ्या खिशातून. दूरसंचार कंपन्या सरकारला महसुलाच्या आठ टक्के परवाना शुल्क देतात. त्यातले पाच टक्के सार्वत्रिक सेवेसाठी असतात. हा सार्वत्रिक सेवा निधी १ एप्रिल २००२ पासून आहे. तो नफ्यावर नव्हे, समायोजित महसुलावर मोजला जातो. तोटा झाला तरी चुकत नाही. नफ्याचे दोन टक्के आणि महसुलाचे पाच टक्के, यांतला फरक दुकान चालवणाऱ्या कुणालाही सांगावा लागणार नाही. आणि महसूल म्हणजे तुमचे-माझे रिचार्ज. फलकावर कंपनीचे नाव येते ते दोन टक्क्यांसाठी. पाच टक्क्यांसाठी कुणी नारळ फोडत नाही.

या निधीचा हेतू नेमका जोडणीचाच. पण तो ग्रामीण आणि दुर्गम भागांसाठी होता. त्यातून उभ्या राहिलेल्या भारतनेटचे एकक आहे ग्रामपंचायत. इंद्रायणीच्या पुलापलीकडे चिंबळी, कुरुळी ही गावे. तिथे ग्रामपंचायती आहेत. अलीकडे मोशी. आमची ग्रामपंचायत १९९७ साली महापालिकेत विलीन झाली. कायद्याच्या नजरेत आम्ही शहर. नागेश्वर महाराजांच्या उत्सवाला अख्खे गाव जमते, हे कोणत्या निकषात बसवणार? कचरा डेपोही आमच्याकडे आणि इमारतींच्या रांगाही. या दोन्हींच्या मधल्या खोल्यांत राहणारी मुले ना ग्रामीण, ना दुर्गम.

दूरसंचार कायदा, २०२३ याने इथे एक शब्द वाढवला आहे. सार्वत्रिक सेवा निधीचे नाव आता 'डिजिटल भारत निधी' झाले आणि त्याच्या हेतूंत सेवा कमी पोचलेल्या ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर शहरी भागही आले. त्याचे नियम ऑगस्ट २०२४ मध्ये निघाले. तो शब्द वाचला तेव्हा मी पान दुमडून ठेवले. आमच्या मुलांसाठी कायद्यात जागा झाली ती त्या एका शब्दाएवढी.

आता कपाटाबद्दल. या वाचनातून एक व्यवहारी गोष्ट उमगली: आम्ही चुकीच्या दारात उभे होतो. संचार कंपनीला जोडणी देता येत नाही, कारण तो तिचा धंदा. पण वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला ती विकत घेऊन देता येते. त्याच्यासाठी तो सरळ शिक्षणावरचा खर्च. अडचण एकच, की दुसऱ्या संस्थेमार्फत पैसा द्यायचा तर तिची केंद्र सरकारकडे सीएसआर-१ या अर्जाने नोंदणी लागते आणि आमचे मंडळ तसे नोंदलेले नाही. शेवटी ओळखीच्या एका नोंदणीकृत न्यासाने हात दिला आणि एका कारखान्याने अभ्यासिकेच्या ब्रॉडबँडचे वर्षभराचे पैसे भरले. सतरा टॅब्लेट सुरू झाले. तिघांच्या बॅटऱ्या पडून पडून फुगल्या होत्या.

हे वर्ष मार्चला संपते. कारखान्याचा नफा घटला, साहेब बदलले, किंवा संचालक मंडळाला यंदा झाडे लावावीशी वाटली, तर एप्रिलमध्ये पुन्हा वर्गणी. त्याबद्दल मी कारखान्याला दोष देणार नाही. दोन टक्क्यांचा स्वभावच तो आहे. देणारा निवडतो, घेणारा आभार मानतो. पाच टक्क्यांचे तसे नाही. ते आधीच आपल्याकडून घेतलेले आहेत, त्यामुळे तिथे आभार नव्हे, हिशोब मागायचा असतो. आमच्या नगरसेवकांना, खासदारांना आणि दूरसंचार विभागाला मी एक पानी पत्र लिहिले आहे. त्यात विनंती हा शब्द एकदाच आला आहे. बाकी मजकूर त्या नव्या शब्दाबद्दल आहे.