तीनच चेंडू उरलेत, हेल्मेट कशाला?

मोसम खोऱ्यातल्या पोरांचं क्रिकेट टेनिस बॉलवर सुरू होतं, आणि नामपूर त्याला अपवाद नाही. कांदा निघून मोकळं झालेलं वावर, शाळेचं पटांगण, एक बॅट, विटांचे स्टंप. पॅड नाहीत, ग्लोव्हज नाहीत, आणि त्यांची गरजही फारशी पडत नाही. अडचण सुरू होते ती शाळेचा संघ तालुक्याच्या स्पर्धेला सटाण्याला निघतो तेव्हा. आता हातात लेदरचा चेंडू येतो. मुरमावर अंथरलेल्या मॅटिंगवरून तो अंगावर उसळतो. किटबॅगेत अकरा जणांत मिळून दोन हेल्मेट असतात, एक ढिलं आणि एक घट्ट. मग पव्हेलियन म्हणवणाऱ्या झाडाखाली ठरलेली वाक्यं ऐकू येतात. त्यातली बरीचशी चुकीची आहेत आणि काही अर्धीच खरी आहेत.

“गावस्कर कुठे हेल्मेट घालत होता?”

हे वाक्य सांगणारे काका प्रत्येक मैदानावर असतात. 1971 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत 774 धावा करताना गावस्करांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, हे खरं. पण तेव्हा कसोटीत ते कुणाच्याच डोक्यावर नव्हतं. पुढे कारकिर्दीच्या उत्तरार्धात याच गावस्करांनी फायबरग्लासची स्कल कॅप बनवून घेतली आणि ती टोपीखाली घालून ते खेळले. काकांच्या गोष्टीत हा भाग येत नाही.

येत नाहीत असे आणखीही लोक आहेत. मार्च 1962 मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली. शस्त्रक्रियेसाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, पुण्याचे चंदू बोर्डे होते आणि आपल्या नाशिकमध्ये जन्मलेले बापू नाडकर्णीही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्याच मैदानावर सोळा वर्षांनी, मार्च 1978 मध्ये, ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप कसोटीत हेल्मेट घालून उतरला. तसं करणारा तो पहिलाच. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

‘हेल्मेटने पोरं भित्री होतात’ हे याच वाक्याचं धाकटं भावंड. त्याला उत्तर संदीप पाटील यांनी 1981 साली देऊन ठेवलंय. सिडनीत हेल्मेट नसताना लेन पॅस्कोचा चेंडू डोक्याला लागला आणि 65 धावांवर त्यांना मैदान सोडावं लागलं. पुढची कसोटी अ‍ॅडलेडला होती. तिथे ते हेल्मेट घालून आले आणि त्यांनी 174 धावा ठोकल्या.

“स्पिनर आहे, हेल्मेट कशाला?”

शालेय क्रिकेटमध्ये सर्वांत जास्त घात करणारा समज कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. वेगवान गोलंदाजाची भीती पोरांना आपोआप वाटते. फिरकी आली की हेल्मेट सीमारेषेबाहेर जातं.

फेब्रुवारी 1998, ढाका. क्लब सामन्यात रमण लांबा यांना फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, बोलावलं गेलं. गोलंदाज डावखुरा फिरकीपटू होता. हेल्मेट हवंय का, असं कर्णधाराने विचारलं. षटकाचे तीनच चेंडू उरले होते, म्हणून लांबांनी नको म्हटलं. फलंदाजाने मारलेला फटका थेट डोक्यावर बसला. तीन दिवसांनी ते गेले. वय 38, भारताकडून कसोटी खेळलेला माणूस.

फिरकीपुढे यष्टीला चिकटून उभ्या राहणाऱ्या कीपरचंही तसंच. 2000 च्या आशिया चषकात, तेही ढाक्यातच, अनिल कुंबळेचा चेंडू सबा करीम यांच्या उजव्या डोळ्यावर लागला आणि त्यांची कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. 2012 मध्ये इंग्लंडमध्ये टाँटनला इम्रान ताहीरने लेगस्पिनवर त्रिफळा उडवला तेव्हा उडालेली बेल मार्क बाउचरच्या डोळ्यात गेली. चेंडूसुद्धा नव्हे, लाकडाचा बोटाएवढा तुकडा. आठवड्याच्या आत त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. चेंडू हळू आहे म्हणून माणूस जवळ उभा राहतो, आणि जवळ उभा राहिल्यामुळे त्याला मान वळवायलाही वेळ उरत नाही. धोका अंतराचा असतो.

“हेल्मेट घातलंय ना, मग झालं”

अर्धं खरं. 25 नोव्हेंबर 2014 ला सिडनीत फिलिप ह्यूजला चेंडू लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर बसला. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांनी तो गेला. त्याचं हेल्मेट जुन्या बनावटीचं होतं, पण तेव्हाचं नव्यातलं नवं असतं तरी मानेचा तो भाग उघडाच राहिला असता, असं पुढच्या चौकशीत निष्पन्न झालं. त्यानंतर हेल्मेटला मागून अडकवायचे मानेचे गार्ड बाजारात आले. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर 2023 पासून वेगवान गोलंदाजीपुढे आपल्या वरिष्ठ खेळाडूंना ते सक्तीचे केले. तरी ऑक्टोबर 2025 मध्ये मेलबर्नला 17 वर्षांचा एक मुलगा गेला. तो नेटमध्ये सराव करत होता, चेंडू साइडआर्मने, म्हणजे चेंडू वेगाने फेकायच्या दांड्याने, टाकला जात होता, डोक्याला हेल्मेट होतं आणि मानेला गार्ड नव्हता. सराव म्हणजे सामना नव्हे, ही आपल्याकडचीही समजूत आहे. आणि साइडआर्म आता आपल्याकडच्या अकादम्यांतही रुळलाय.

आता किटबॅगेतल्या त्या दोन हेल्मेटांकडे येऊ. हेल्मेट हे बुटासारखं मापाचं असतं. मान हलवली की गरगर फिरणारं हेल्मेट ऐन वेळी डोळ्यांवर येतं. हनुवटीचा पट्टा न लावता ते घालणं म्हणजे नुसता देखावा. जोरात चेंडू बसलेलं हेल्मेट बाहेरून शाबूत दिसलं तरी आतला थर दबलेला असू शकतो, म्हणून ते बाद करायचं असतं. शाळांमध्ये नेमकं हेच होत नाही, कारण साहित्य-नोंदवहीत ते ‘चालू स्थितीत’ असतं.

जाळीची गंमत तर कुणी सांगतच नाही. ‘नीट दिसत नाही’ म्हणून पोरं स्क्रू ढिले करून जाळी खाली सरकवतात. मग कपाळावरची कड आणि जाळी यांच्यातल्या फटीतून चेंडू थेट तोंडावर येऊ शकतो. मोठ्यांचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि सुमारे 22.4 ते 22.9 सेंटिमीटर घेराचा असतो. तेरा वर्षांखालच्यांसाठीचा लहान चेंडू 133 ते 144 ग्रॅमचा, घेर 20.5 ते 22 सेंटिमीटर. मुलींचा चेंडू या दोहोंच्या मधला. म्हणजे जी फट मोठा चेंडू अडवते, तीच लहान चेंडूला वाट देऊ शकते. म्हणून बीएस 7928:2013 या ब्रिटिश मानकात हेल्मेटची चाचणी मोठ्या आणि लहान चेंडूंसाठी वेगवेगळी होते आणि कोणत्या चेंडूसाठी ते पास झालं, हे आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं. खरेदी करताना रंग बघण्याआधी हे लेबल बघावं.

हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदूला बसणारा हादरा पूर्ण थांबवत नाही. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला. तो पुढे खेळलाही, पण नंतर डोक्याला हादरा बसल्याच्या शंकेने त्याच्या जागी चहलला उतरवलं गेलं. चेंडू लागल्यावर चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काहीही दिसलं तर मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही आणि डॉक्टरकडे न्यायचं. पाणी मारून पुन्हा उभा करणारे सर धीट नव्हेत.

“बाकीचं गार्ड-बिर्ड मोठ्यांसाठी”

मांड्यांमधला गार्ड न घालण्यामागे बहुधा लाज असते. दुसऱ्याचा वापरलेला नको असतो आणि स्वतःचा मागायला जीभ रेटत नाही. तो प्रत्येकाचा वेगळाच हवा. गोलंदाजालाही धोका असतो. मे 2024 मध्ये पुण्यात गोलंदाजी करणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या गुप्तांगावर फटका बसून त्याचा मृत्यू झाला.

छातीचं प्रकरण वेगळं आहे. हृदयाच्या ठोक्याच्या एका अतिसूक्ष्म क्षणी छातीवर चेंडू बसला, तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं. कोवळ्या, लवचीक छातीच्या मुलांत हे जास्त घडतं आणि साधं पॅड त्यापासून वाचवतंच असं नाही. लॅक्रॉस या जाळीच्या काठीने खेळायच्या खेळात चेंडू कडक रबराचा असतो. तिथे या कारणासाठी खास चाचणी झालेलं छातीचं कवच अमेरिकेत मुलांना 2022 पासून सक्तीचं आहे. कवच असो वा नसो, छातीवर चेंडू लागून कोसळलेल्या मुलाला छाती दाबून श्वासोच्छ्वास देणं ताबडतोब सुरू करावं लागतं. संघासोबत जाणाऱ्या एका तरी शिक्षकाला ते यायला हवं.

“नियम आहेच, पंच बघतील”

इथे खरी मेख आहे. क्रिकेटचे मूळ कायदे हेल्मेटची सक्ती करतच नाहीत. ते सक्तीचं होतं त्या-त्या स्पर्धेच्या नियमावलीमुळे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्येही ते उशिरा आलं. वेगवान गोलंदाजीपुढचा फलंदाज, यष्टीजवळचा कीपर आणि यष्टीपुढे फलंदाजाजवळ उभा क्षेत्ररक्षक यांना आयसीसीने 1 जून 2023 पासून हेल्मेट बंधनकारक केलं. इंग्लंडने मात्र 18 वर्षांखालच्यांसाठी 2000 सालीच हेल्मेटचे निर्देश काढले होते. तात्पर्य, तालुक्याच्या स्पर्धेच्या नियमावलीत ते वाक्य नसेल, तर पंचाने कितीही आग्रह धरला तरी तो केवळ सल्ला ठरतो.

आणि ते वाक्य असलं तरी ते अमलात कोण आणणार? आपल्याकडे पंच बहुधा शेजारच्या शाळेचेच क्रीडाशिक्षक. समोरच्या संघाच्या पोराला हेल्मेटशिवाय परत पाठवलं की ‘मुद्दाम करतात’ असा आरोप होतो. मग सगळेच गप्प बसतात. अमेरिकेतल्या शालेय लॅक्रॉसने यातून चांगली वाट काढलीय. सामन्याआधी प्रशिक्षकाने पंचांसमोर जबाबदारी घ्यायची की आपल्या प्रत्येक खेळाडूचं साहित्य नियमाप्रमाणे आहे. नंतर खोट सापडली तर शिक्षा संघाला होते. बोलणं पोराला न बसता मोठ्या माणसाला बसतं. नाणेफेकीला कर्णधारांबरोबर दोन्ही संघांच्या सरांनाही बोलवावं आणि तिथेच हे विचारून घ्यावं. यात एक पैसा लागत नाही आणि पंचाचं वैरही टळतं.

नियमावली लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोव्हेंबर 2023 मध्ये दिल्लीला विश्वचषकाच्या सामन्यात अँजेलो मॅथ्यूज खेळपट्टीवर आला आणि त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. दुसरं येईपर्यंत चेंडू खेळायला तयार होण्याचा वेळ संपला आणि तो टाइम्ड आउट झाला. मोठ्यांत ते ठीक. शाळेच्या सामन्यात हेल्मेट बदलण्यात गेलेला वेळ त्यात मोजायचा नाही, असं स्पष्ट लिहावं. नाहीतर आउट होण्याच्या भीतीने पोरगं तुटक्या पट्ट्यानिशीच उभं राहील.

“आम्हाला परवडत नाही”

हा गैरसमज म्हणता येणार नाही, ही अडचण खरी आहे. पण सुरक्षितता नुसती विकत घ्यायची असते, हे खरं नाही. इंग्लंडच्या नियमात 13 वर्षांखालचा क्षेत्ररक्षक मधल्या स्टंपपासून 10 मीटरच्या आत उभा राहू शकत नाही आणि 15 वर्षांखालचा 7.3 मीटरच्या आत. सूट फक्त ऑफच्या बाजूला यष्टीमागे उभ्या राहणाऱ्यांना. हे अंतर चुन्याने आखता येतं. दोनच हेल्मेट असतील तर ती दोन फलंदाजांची, आणि दोन्ही मापांची हवीत. तिसरं मिळेपर्यंत कीपरने फिरकीलाही मागेच उभं राहायचं. काही बाय जातील. शॉर्ट लेगला कुणी ठेवायचंच नाही.