घोडा देऊन राजाला ओढणारा डाव

बाळकुम-ठाणे परिसरातील शालेय बुद्धिबळ स्पर्धांत पंधरा चालींच्या आत हरून परतणारा एखादा विद्यार्थी हमखास असतो. मुलाची बुद्धी कमी पडली, असे पालकांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. पुष्कळदा तो एका जुन्या सापळ्यात सापडलेला असतो. इटालियन खेळाडू पोलेरिओच्या काळापासून, म्हणजे सुमारे चारशे वर्षे, तो सापळा ज्ञात आहे.

दोन्ही बाजू राजापुढील प्यादे दोन घरे सरकवतात. पांढरा राजाकडील घोडा काढतो, काळा वजिराकडील. पांढरा उंट काढतो, काळा दुसरा घोडा. आता पांढऱ्याचा घोडा पुढे झेपावतो आणि उंटासह एकाच प्याद्यावर नेम धरतो : काळ्या राजाशेजारच्या उंटापुढील प्यादे, ज्याला राजाखेरीज राखणदार नाही. काळा वजिरापुढील प्यादे दोन घरे सारून उंटाची वाट अडवतो. पांढरा ते मारतो. येथे काळ्याने राजाकडील घोड्याने ते पांढरे प्यादे परत मारले, की घात झाला. पांढरा आपला घोडा त्या दुबळ्या प्याद्यावर घालतो. वजीर आणि हत्ती दोन्ही धोक्यात आल्याने राजाला तो घोडा मारणे भाग पडते. लगेच वजिराचा शह बसतो आणि आपला घोडा राखण्यासाठी राजा भर पटाच्या मध्यावर येतो. काळा अजून हरलेला नसतो; पण घड्याळ चालू असताना बारा वर्षांच्या मुलाने तेथून राजा सुखरूप नेणे कठीण.

उपाय एका चालीचा आहे. प्याद्याचा लोभ सोडून वजिराकडील घोडा पटाच्या कडेला न्यावा आणि उंटावर हल्ला करावा. एक प्यादे जाते, पण मोहरे मोकळे होतात.

ही चाल कोणीतरी सांगावी लागते. मीर सुलतान खान ज्या देशी पद्धतीत वाढले, तीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चाले. वरील डाव तेथे उद्भवलाच नसता. नवे नियम उशिरा शिकून त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, कापाब्लांकालाही हरवले. तरी आरंभीच्या चालींत ते कच्चेच मानले गेले. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांच्यापुढे अडचण निराळी होती. १९७६ साली, तेराव्या वर्षी, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना द्यावा लागला.

रविवारी वसतिगृहात भेटीस येणाऱ्या पालकांनी हा डाव पाल्याबरोबर पटावर मांडून पाहावा, मुलींबरोबरही. काळी मोहरी त्यांच्याकडे द्यावीत.